फ्रीजरमधला बर्फ वाचायचा कसा

फ्रीजर थंड करीत नाही असे लक्षात आले की घरात पहिले वाक्य ऐकू येते ते "गॅस संपला असेल" हे. मेकॅनिकला फोन जातो तोही "गॅस भरायचा आहे" असे सांगूनच, म्हणजे तपासणीआधीच निदान आणि उपचार दोन्ही ठरलेले असतात. वास्तविक फ्रीजरमधील गॅस शेगडीच्या सिलिंडरमधल्या गॅससारखा जळून संपत नाही. तो बंद नळ्यांमध्ये तसाच्या तसा फिरत राहतो आणि नळीला कुठे छिद्र पडले नाही किंवा एखादा सांधा सुटला नाही, तर पंधरा वर्षांनंतरही तो पहिल्या दिवशी होता तेवढाच असतो. त्यामुळे गॅस खरोखर कमी झाला असेल तर तो गेला कुठून, हा प्रश्न आधी सुटायला हवा. आणि गॅस कमी झालेलाच नसेल तर तो भरून काहीही साधणार नाही. यातले काय झाले आहे याचा अंदाज घेण्यासाठी घरातल्या माणसाला यंत्रसामग्री लागत नाही. फ्रीजरच्या आत बर्फ कुठे साचला आहे, कसा साचला आहे आणि कुठे मुळीच नाही, हे नीट पाहता आले तरी पुष्कळ कळते.

येथे विचार केला आहे तो प्रामुख्याने उभ्या, आपोआप बर्फ वितळवणाऱ्या घरगुती फ्रीजरचा. कोकणात आमरसाचे डबे, सुरमईच्या तुकड्या आणि ओले काजूगर, तर देशावर थंडीत सोललेले मटार साठवण्यासाठी तो आता बऱ्याच घरांत आला आहे. दोन दारांच्या फ्रीजचा वरचा कप्पा चालतो तोही याच तत्त्वावर, त्यामुळे ज्यांच्याकडे स्वतंत्र फ्रीजर नाही त्यांनाही यातले बहुतेक सारे लागू पडेल.

थंडावा येतो कुठून

इंजेक्शन देण्याआधी दंडाला स्पिरिट लावले की ती जागा गार वाटते, कारण स्पिरिट उडून जाताना त्वचेतली उष्णता घेऊन जाते. फ्रीजर हेच काम अखंडपणे करतो, फक्त उडून गेलेले द्रव्य तो बाहेर न सोडता परत गोळा करतो. हल्लीच्या बहुतेक घरगुती फ्रीजरमध्ये हे द्रव्य म्हणजे आयसोब्युटेन, ज्याला बाजारात आर ६००ए म्हणतात. त्यापूर्वी आर १३४ए वापरला जात असे आणि त्याच्याही आधी आर १२, जो ओझोनच्या थराला घातक ठरल्यामुळे १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानंतर हळूहळू बाद झाला. आर १३४ए ओझोनला धक्का लावत नाही, पण वातावरण तापवण्याची त्याची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून अधिक आहे. आयसोब्युटेनची ती नगण्य आहे. मात्र आयसोब्युटेन ज्वलनशील आहे, आणि दुरुस्तीच्या वेळी या एका गोष्टीला फार महत्त्व येते.

फ्रीजरच्या मागे खाली असलेला कॉम्प्रेसर हा वायू दाबतो, त्यामुळे तो तापतो. तापलेला वायू कंडेन्सरच्या नळ्यांतून जाताना आपली उष्णता खोलीतल्या हवेला देतो आणि द्रवरूप होतो. जुन्या फ्रीजच्या पाठीवर दिसणारी काळी जाळी म्हणजे हाच कंडेन्सर. नव्या फ्रीजरमध्ये त्याच्या नळ्या दोन्ही बाजूंच्या पत्र्याच्या आत दडवलेल्या असतात आणि बहुधा एक वळसा दाराच्या चौकटीभोवतीही घातलेला असतो, म्हणजे चौकटीवर दव धरत नाही. बाजूचे पत्रे गरम लागतात म्हणून घाबरून तक्रार करणारे अनेक असतात, पण ते गरम लागणे हे फ्रीजर चालू असल्याचे लक्षण आहे. उलट ते दिवसभर गारच राहिले तर काळजी करावी.

द्रव झालेला वायू पुढे ड्रायर नावाच्या गाळणीतून कॅपिलरीत शिरतो. कॅपिलरी म्हणजे आतून एक मिलिमीटरहूनही अरुंद असलेली, दोन-तीन मीटर लांबीची तांब्याची नळी. तिच्यातून निघताना दाब एकदम उतरतो, द्रव उकळू लागतो आणि उकळण्यासाठी लागणारी उष्णता तो आतल्या हवेतून खेचून घेतो. हे ज्या नळ्यांत घडते त्यांना इव्हॅपोरेटर म्हणतात. आपोआप बर्फ वितळवणाऱ्या फ्रीजरमध्ये त्या आतल्या मागच्या पॅनेलच्या पाठीमागे असतात आणि एक छोटा पंखा त्यांच्यावरची गार हवा कप्प्यांत फिरवतो. आत उणे १८ अंश सेल्सिअस राखायचे तर या नळ्या त्याहून बऱ्याच थंड असाव्या लागतात.

येथे एक बारकावा आहे. आयसोब्युटेन साध्या हवेच्या दाबाला उणे ११.७ अंशांवर उकळतो. त्याला त्याहून कमी तापमानाला उकळायला लावायचे तर नळीतला दाब बाहेरच्या हवेपेक्षाही कमी ठेवावा लागतो. म्हणजे कॉम्प्रेसर चालू असताना थंड बाजूच्या नळीला छिद्र पडले तर वायू बाहेर येण्याआधी बाहेरची दमट हवाच आत ओढली जाते. हवेबरोबर आलेले बाष्प कॅपिलरीच्या तोंडाशी गोठते आणि वाट बंद करते. फ्रीजर काही तास बंद ठेवला की तो बर्फ वितळतो, थंडावा परत येतो आणि पुन्हा जातो. मेकॅनिक ज्याला "मॉइश्चर चोक" म्हणतात तो हाच. यात वरून नुसता गॅस भरणे म्हणजे बुडाला भोक असलेल्या कळशीत पाणी ओतणे होय.

बर्फ येतो हवेतून

फ्रीजरमधल्या पांढऱ्या बर्फाचा उगम डब्यांतल्या अन्नात फारसा नसतो. तो दारातून येणाऱ्या हवेत असतो. पावसाळ्यात रत्नागिरीसारख्या ठिकाणी ३० अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता असेल तर एका घनमीटर हवेत सुमारे २४ ग्रॅम बाष्प असते. दोनशे लिटरचा फ्रीजर निम्मा भरलेला धरला तर आत शंभर लिटर हवा राहते. उभ्या फ्रीजरचे दार उघडताच गार, जड हवा पायांवर सांडते, आणि तिची जागा खोलीतली हवा घेते. आडव्या पेटीसारख्या फ्रीजरमध्ये ती पाण्यासारखी आतच राहते, हा त्या दोघांतला मोठा फरक. दर वेळी सारी हवा बदलली असे मानले तर एका उघडझापीत साधारण सव्वादोन ते अडीच ग्रॅम पाणी आत येते. दिवसातून वीस वेळा दार उघडणाऱ्या घरात हे पाणी महिन्याला दीड किलोच्या आसपास जाते, आणि ते सगळे सर्वांत थंड जागी, म्हणजे इव्हॅपोरेटरवर जाऊन बसते.

ते तसेच साचत राहिले तर नळ्या बर्फाच्या गोधडीत गुंडाळल्या जातात, पंख्याची हवा पलीकडे जात नाही आणि कॉम्प्रेसर अखंड चालूनही कप्पे गार होत नाहीत. म्हणून ठरावीक काळाने कॉम्प्रेसर थांबवून नळ्यांखालचा हीटर काही मिनिटे चालवण्याची सोय असते. जुन्या मॉडेलमध्ये हे काम घड्याळासारखा टायमर करतो, नव्यांत इलेक्ट्रॉनिक बोर्ड. नळीला चिकटवलेला बायमेटल नावाचा छोटा गोल स्विच, नळी पुरेशी थंड असेल तेव्हाच हीटरला वीज देतो आणि बर्फ वितळून नळी शून्याच्या थोडी वर गेली की वीज तोडतो. बोर्डाच्या मॉडेलमध्ये हेच सेन्सर पाहतो. एखादे दिवशी हा स्विच चिकटून राहिला तर आग लागू नये म्हणून ओळीत एक थर्मल फ्यूजही असतो. वितळलेले पाणी खालच्या भोकातून, पाइपातून, कॉम्प्रेसरजवळच्या ट्रेमध्ये उतरते आणि कॉम्प्रेसरच्या उष्णतेने तेथेच सुकते.

चार-पाच भागांची ही साखळी आहे, आणि तिचा कोणताही एक दुवा तुटला तरी बाहेरून दिसणारी खूण एकच असते: फ्रीजर थंड करीत नाही.

पॅनेलच्या मागे काय दिसते

आमच्या शेजारच्या काकूंच्या फ्रीजरमध्ये एका वर्षात दोनदा गॅस भरला गेला. दोन्ही वेळा फ्रीजर आठ-दहा दिवस उत्तम चालला आणि मग आमरसाचे डबे कडेने मऊ पडू लागले. तिसऱ्या वेळी त्यांनी मला बोलावले तेव्हा मी एवढेच विचारले, की गॅस भरताना फ्रीजर किती वेळ बंद होता. "अहो, दुकानात नेला होता, दोन दिवस तिथेच होता," काकू म्हणाल्या. उत्तर त्यातच होते. दोन दिवसांत आतला बर्फ आपोआप वितळला होता, फ्रीजर त्यामुळे सुधारला होता आणि श्रेय मात्र गॅसला मिळाले होते. प्लग काढून मागचे पॅनेल उघडले तर इव्हॅपोरेटर दिसतच नव्हता. वरपासून खालपर्यंत एकसारखा, भुसभुशीत पांढरा बर्फ होता. हीटर चांगला होता, बायमेटल चांगला होता, थर्मल फ्यूज उडालेला होता.

पूर्ण वितळवल्यावर आठवडाभर ठीक आणि मग पुन्हा तेच, हे बर्फ वितळवण्याच्या यंत्रणेतील बिघाडाचे इतके नेमके लक्षण आहे की त्यानंतर वेगळ्या पुराव्याची क्वचितच गरज लागते. नळ्यांवर सर्वत्र सारखा बर्फ जमला असेल तर गॅस पुरेसा आहे आणि कॉम्प्रेसर आपले काम करतो आहे, असा त्याचा अर्थ.

गॅस कमी झाला असेल तर चित्र अगदी वेगळे दिसते. कॅपिलरी जेथे नळ्यांना मिळते तेथल्या पहिल्या काही वळशांवरच बर्फ असतो, कधी तो तेथे कडक गोळ्यासारखा होतो, आणि पुढच्या नळ्या कोरड्या राहतात, कारण थोडासा द्रव सुरुवातीलाच उकळून संपतो. कॉम्प्रेसर चालू आहे, पंखा फिरतो आहे आणि नळ्यांवर बर्फाचा मागमूसही नाही, असे असेल तर गॅस पूर्ण गेला आहे, कॅपिलरी किंवा ड्रायर बंद झाला आहे किंवा कॉम्प्रेसर नुसता फिरतो आहे पण दाब देत नाही. या शेवटच्या तिन्ही गोष्टी घरी सुटणाऱ्या नाहीत. पण मेकॅनिकला बोलावताना "पहिल्या दोन वळशांवरच बर्फ आहे" असे सांगता आले तर बोलण्याची पातळीच बदलते.

नळ्यांवर योग्य, पातळ बर्फ आहे पण कप्पे गार नाहीत, अशी चौथी स्थितीही असते, आणि तेव्हा पंख्याकडे पाहावे. दार उघडले की बहुतेक फ्रीजरमध्ये पंखा थांबतो, म्हणून चौकटीवरचे दाराचे बटण बोटाने दाबून धरून कान द्यावा. पंखा फिरत नसेल तर मोटर गेली असेल किंवा ते बटणच अडकले असेल. दार बंद असताना कर्रकर्र आवाज येतो आणि उघडताच थांबतो, तर पंख्याचे पाते बर्फाला घासते आहे; म्हणजे आपण परत वितळवण्याच्या यंत्रणेकडेच येतो.

मल्टिमीटर हातात घेणाऱ्यांसाठी

पुढची सारी मोजमापे प्लग भिंतीतून काढून आणि फक्त ओहम मोजूनच करायची आहेत. हीटरला २३० व्होल्ट मिळतात आणि त्याच्याभोवती पाणी असते, हे एक क्षणही विसरता कामा नये.

हीटर २०० वॅटचा असेल तर त्याचा रोध २६० ओहमच्या आसपास यायला हवा. मीटरने काहीच दाखवले नाही तर हीटर आतून तुटला आहे. थर्मल फ्यूजचा रोध नेहमीच जवळजवळ शून्य असावा. बायमेटलच्या बाबतीत मात्र पुष्कळांची फसगत होते. तो काढून टेबलावर मोजला तर खोलीच्या तापमानाला तो उघडाच दिसतो, कारण तसे असणे हेच त्याचे काम आहे. आणि चांगला बायमेटल टाकून दिला जातो. त्याला प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून चालू असलेल्या दुसऱ्या फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात अर्धा तास ठेवावा आणि बाहेर काढताच मोजावा. गार असताना जोडलेला आणि हातात धरून ऊब दिल्यावर थोड्या वेळाने टक असा बारीक आवाज करून जोड तोडणारा बायमेटल ठीक आहे. टायमर असलेल्या मॉडेलमध्ये त्याची खाच पेचकसाने एकाच दिशेने हळू फिरवली की एका ठिकाणी टक होते. प्लग परत लावल्यावर कॉम्प्रेसर शांत राहिला, नळ्यांवर बर्फ असल्यास काही मिनिटांत आतून पाण्याच्या थेंबांचा चर्र आवाज आला, तर हीटरची साखळी जिवंत आहे आणि दोष बहुधा टायमरमध्ये आहे.

एक गोष्ट कोणीही सुचवली तरी करू नये. थर्मल फ्यूज कापून तेथे वायर सरळ जोडण्याची युक्ती सर्रास चालते, कारण हीटर त्याने लगेच सुरू होतो. भोवती प्लॅस्टिक, फोम आणि नळीत ज्वलनशील वायू असताना अखेरचा पहारेकरी काढून टाकण्यासारखे हे आहे. शिवाय फ्यूज उडाला तो का, हेही शोधायला हवे. बहुतेक वेळा बायमेटल चिकटलेला असतो, म्हणून दोन्ही भाग एकत्रच बदलावेत.

कॉम्प्रेसर सुरूच होत नसेल

दर काही मिनिटांनी टक, क्षणभर गुणगुण, पुन्हा टक आणि शांतता. कॉम्प्रेसर फिरण्याचा प्रयत्न करतो आहे, जमत नाही म्हणून तापतो आहे, आणि त्याच्या डोक्यावरचा ओव्हरलोड नावाचा स्विच त्याला वाचवण्यासाठी वीज तोडतो आहे. अशा वेळी सर्वांत आधी घरातला व्होल्टेज पाहावा. उन्हाळ्याच्या संध्याकाळी गावाकडे तो १८० च्या खाली उतरला तर साध्या कॉम्प्रेसरला सुरुवातीचा जोर मिळत नाही. व्होल्टेज ठीक असेल तर कॉम्प्रेसरच्या बाजूच्या डबीतला रिले, म्हणजे त्याला सुरुवातीचा जोर देणारा छोटा भाग, काढून कानाजवळ हलवावा. आत काही खुळखुळत असेल तर त्याची चकती फुटली आहे. रिले स्वस्त असतो, कॉम्प्रेसर महाग, आणि पहिल्याच्या दोषासाठी दुसरा बदलला गेल्याची उदाहरणे कमी नाहीत.

साध्या कॉम्प्रेसरला तीन पिना असतात. त्यांच्यातील तीन रोधांपैकी सर्वांत मोठा हा उरलेल्या दोघांच्या बेरजेइतका यावा आणि कोणत्याही पिनेपासून बाहेरच्या लोखंडापर्यंत मीटरने काहीही दाखवू नये. हे जमले तर निदान वेटोळी शाबूत आहेत. इन्व्हर्टर कॉम्प्रेसरचे, म्हणजे गरजेप्रमाणे वेग बदलणाऱ्याचे, तिन्ही रोध सारखे असतात आणि तो फक्त त्याच्या बोर्डावरच चालतो. त्याला थेट २३० व्होल्ट देऊन "चालतो का पाहू" असा प्रयोग केला तर तो त्यानंतर कधीच चालणार नाही.

वीज गेल्यावर ती येताच फ्रीजर लगेच सुरू होत नाही, त्यालाही कारण आहे. कॉम्प्रेसरच्या दोन्ही बाजूंचे दाब कॅपिलरीतून समान व्हायला आणि रिलेची चकती गार व्हायला काही मिनिटे लागतात. स्टॅबिलायझर घ्यायचाच असेल तर या विलंबाची सोय असलेला घ्यावा.

सुरीची गोष्ट

साध्या, हाताने बर्फ काढायच्या फ्रीजमध्ये इव्हॅपोरेटर म्हणजे बर्फाच्या कप्प्याची ॲल्युमिनियमची भिंतच असते. आमच्या घरी अनेक वर्षांपूर्वी बर्फात रुतलेली माशांची पिशवी सोडवण्यासाठी सुरी वापरली गेली. बारीक "फुस्स" असा आवाज आला, किंचित तेलकट वास आला आणि अर्ध्या मिनिटात सारे संपले. टाचणीच्या टोकाएवढे छिद्र होते. घाई असली तरी अशा वेळी प्लग काढावा, दार उघडे ठेवावे, आत गरम पाण्याचे पातेले घडी केलेल्या पंचावर ठेवावे आणि थोड्या अंतरावरून टेबलफॅन लावावा. उभ्या फ्रीजरमध्ये पॅनेलच्या मागचा बर्फ पूर्ण जायला अर्धा दिवस ते एक दिवस लागतो. वरवर कोरडे दिसले म्हणून लवकर सुरू केल्यास उरलेले पाणी पुन्हा गोठून पाइपाचे भोक बुजवते. भोक बुजले असेल तर तळाशी बर्फाची लादी जमते किंवा दारातून पाणी ओघळते. कोमट पाणी पिचकारीने भोकात सोडावे आणि मागच्या ट्रेमध्ये ते उतरल्याचा आवाज येईपर्यंत थांबावे.

त्या ट्रेकडे एरवी कोणाचे लक्ष जात नाही. डेंग्यू पसरवणारा एडिस डास अशाच स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दीड आठवडा पुरतो, म्हणून पावसाळ्यात ट्रे आठवड्यातून एकदा रिकामा करून घासावा. प्लग काढून.

रोजच्या निगेतला बाकीचा भाग सोपा आहे आणि तो बहुतांशी दाराच्या रबराभोवती फिरतो. दारात कागदाची पट्टी अडकवून ओढावी; ती सहज निघून येते तेथे रबर चिकटत नाही. सांडलेला रस आणि तेल यांनी ते कडक होते, तेव्हा साबणाच्या कोमट पाण्याने घड्यांमधून पुसावे. एखाद्या ठिकाणी मुडपले असेल तर केस सुकवण्याच्या यंत्राची मंद ऊब देऊन बोटांनी सरळ करता येते. नेमक्या एकाच कोपऱ्यात आतून बर्फ जमत असेल तर हवा तेथूनच येते आहे, हे ठरवायला पट्टीचीही गरज नाही. पुढचे पाय किंचित उंच ठेवले तर दार आपल्या वजनाने मिटते. दोन्ही बाजूंना आणि मागे माहितीपत्रकात सांगितलेली मोकळी जागा सोडावी, आणि बाजूच्या पत्र्यात काही अडकवण्यासाठी स्क्रू कधीही मारू नये, कारण कंडेन्सर तेथेच आहे. दार मिटल्यावर लगेच परत उघडायला जड जाते, तो दोष नव्हे; आत शिरलेली उबदार हवा गार होऊन आकसते आणि दार आत ओढले जाते.

मे महिन्यातली आणखी एक तक्रार खरे तर बिघाडाची नसते. एकाच दिवशी दहा किलो ताजा आमरस आत ठेवला की फ्रीजर दोन दिवस "बिघडतो". ३० अंशांवरचे पाणी शून्यावर आणायला जेवढी उष्णता काढावी लागते, तिच्या अडीचपटीहून जास्त त्या शून्य अंशावरच्या पाण्याचा बर्फ करायला काढावी लागते. चोवीस तासांत किती किलो गोठवता येईल हे माहितीपत्रकात दिलेले असते. तेवढेच, पातळ चपट्या पाकिटांत, एकमेकांत फट ठेवून घालावे. बरणी वापरल्यास वर जागा सोडावी, कारण पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगते.

नळीला हात लावायची वेळ आली तर

गळती खरोखर असेल तर काम मेकॅनिकचेच. एका घरगुती फ्रीजरमध्ये आयसोब्युटेन साधारण ३० ते ८० ग्रॅमच असतो, म्हणून पाच-दहा ग्रॅमची चूकही मोठी ठरते आणि तो वजनकाट्यावर मोजूनच भरावा लागतो. कॉम्प्रेसरवरच्या पट्टीवर वायूचे नाव आणि फ्रीजरच्या पट्टीवर ग्रॅम छापलेले असतात. गळती नायट्रोजनच्या दाबाने आणि साबणाच्या फेसाने शोधली आहे का, ड्रायर नवा घालणार आहात का, आणि नळ्यांतली हवा व ओल काढायला व्हॅक्यूम पंप लावणार आहात का, हे तीन प्रश्न विचारायला संकोच करू नये. ज्याच्याजवळ व्हॅक्यूम पंप आणि काटा नाही त्याने हे काम घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आर ६००ए च्या यंत्रात आर १३४ए किंवा स्वयंपाकाचा गॅस घालणे दोन्ही चूक. वायू वेगळा की कॉम्प्रेसरमधले तेल वेगळे, त्याची क्षमता वेगळी. आयसोब्युटेन हवेहून जड असल्याने जमिनीलगत साठतो, त्यामुळे काम चालू असताना खिडक्या-दारे उघडी, देवघरातला दिवा आणि शेगडी विझलेली असावी, आणि नळीतला वायू पूर्ण काढून नायट्रोजनने धुतल्याशिवाय तिच्याजवळ ज्योत नेली जाऊ नये.

समुद्रकाठच्या खारट हवेत तांबे आणि ॲल्युमिनियम यांचे सांधे आणि चौकटीतली लोखंडी नळी लवकर गंजते. नळी फोमच्या आत गळत असेल तर ती उकरून दुरुस्त करता येत नाही. चौकटीचा वळसा असेल तर तो वगळून बाहेर वेगळा कंडेन्सर लावता येतो, पण इव्हॅपोरेटरचा सांधा फोमच्या आत गेला असेल आणि फ्रीजरला दहा-बारा वर्षे झाली असतील तर पैसे नव्या फ्रीजरसाठी राखणे शहाणपणाचे.

दुरुस्ती होईपर्यंत आतल्या जिनसांचे काय, तर दार बंद ठेवावे. गच्च भरलेला फ्रीजर दार न उघडल्यास साधारण दोन दिवस आणि निम्मा भरलेला एक दिवस अन्न गोठलेले ठेवतो. पाकिटात अजून बर्फाचे कण जाणवत असतील तर ते पुन्हा गोठवायला हरकत नाही. पूर्ण मऊ होऊन काही तास उबेत राहिलेली मासळी आणि ओल्या खोबऱ्याचे वाटण मात्र टाकून द्यावे, वास येत नसला तरी.

दुरुस्तीनंतर रिकामा फ्रीजर रात्रभर चालवावा, पाण्याच्या एक-दोन बाटल्या पाऊण भरून आत ठेवाव्यात आणि त्यांच्यामध्ये थर्मामीटर दाबून ठेवावा. सकाळी तो उणे १८ च्या जवळ दिसला तर आमरस आत जाऊ द्यावा, पण थर्मामीटर लगेच काढू नये. दहा-बारा दिवस रोज आकडा पाहावा, कारण बर्फ वितळवण्याची यंत्रणा बंद असली तरी पहिला आठवडा फ्रीजरने असाच छान काढलेला असतो.